पाच सेंटची चिमुकली बाटली

अंगठ्याहून जेमतेम मोठी, ५० मिलिलिटर दारूची प्लॅस्टिकची बाटली. अमेरिकेत तिला ‘निप’ म्हणतात. दोन घोटांत संपते आणि गाडीच्या खिडकीतून थेट रस्त्याकडेच्या गवतात जाते. भंगारात तिला किंमत नाही, मग वाकून उचलणार कोण?

मेन राज्यात १९७८पासून बाटल्यांवर डिपॉझिट आहे: घेताना काही सेंट जादा द्यायचे, रिकामी बाटली दिली की तेवढे परत. दारूच्या मोठ्या बाटलीला १५ सेंट. निप मात्र सुटली होती. २०१७मध्ये विधिमंडळाने तिलाही कायद्यात ओढलं. गव्हर्नर पॉल लपेज यांचा नकाराधिकार आमदारांनी मोडून काढला आणि जानेवारी २०१९पासून निपवर पाच सेंट लागू झाले.

कनेक्टिकट राज्यही २०२१पासून निपमागे पाच सेंट घेतं, पण ते गिऱ्हाइकाला परत मिळत नाहीत, गावांच्या तिजोरीत जातात. हे अर्धंच काम, कारण बाटली जपून ठेवायचं कारणच उरत नाही.

आपल्याकडे तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात २०२२पासून सरकारी दारू दुकानं बाटलीमागे १० रुपये जादा घेतात. रिकामी चपटी आणून दिली की ते परत मिळतात.