जुने पान, ताजे पान

अहमदनगर जिल्ह्याचे नामांतर होऊन तो अहिल्यानगर झाला, ही घटना २०२४ सालची. तथापि पाथर्डीच्या बाजारपेठेतील एखाद्या संगणकावर शासकीय संकेतस्थळ उघडले असता जुनेच नाव समोर यावे, असे घडू शकते, आणि तेव्हा दोष संकेतस्थळाचाच असतो असे नाही.

ब्राउझर हा मोठा काटकसरी कारकून आहे. एकदा आणलेली चित्रे, मांडणी, मजकूर यांची नक्कल तो आपल्या दप्तरात, म्हणजे कॅशमध्ये, ठेवतो, आणि सर्व्हरने सेकंदांत ठरवून दिलेली मुदत (ती कधी एका वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांचीही असते) संपेपर्यंत तीच नक्कल बिनदिक्कत पुढे करतो. जेथे मोबाइलची रेंज लहरी, तेथे ही काटकसर उपकारकच म्हणावी लागेल.

एफ५ ही कळ दाबली की ब्राउझर सर्व्हरकडे पृच्छा करतो. बदल नसल्यास ‘३०४’ एवढाच संकेतांक परत येतो, मजकूर येत नाही. एवढ्यानेही जुनेच दिसत राहिले, तर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे साठवलेली नक्कल वगळून सारे नव्याने मागवले जाते. दहावीच्या निकालाच्या दिवशी मात्र निकाल सर्व्हरवर आलाच नसेल, तर एफ५ अधीरतेने बडवल्याने तो दिसत नाही, सर्व्हरवरचा भार तेवढा वाढतो. सातबाऱ्यावरील फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणितच केला नसेल, तर तोही कोणत्याच कळेने उमटत नाही. मोबाइलवर पान ताजे करायचे तर ते बोटाने खाली ओढावे. कॅश पुसण्याची वेळ आलीच, तर सोबत कुकीज पुसू नयेत, अन्यथा पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो.