तीन अधिक चार, चार अधिक तीन

मनावरला माझं औषधांचं दुकान आहे. इंदूरहून तपासण्या करून आलेली माणसं गोळ्या घेता घेता थैलीतून रिपोर्टही काढतात. परवा ओळखीतले एक काका म्हणाले, "भाऊ, दहापैकी सहा आलेत. अर्ध्याच्या वर गेलं की!" मुलानं प्रोस्टेटच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरवून टाकली होती.

काकांचा तो सहा म्हणजे बायोप्सीच्या रिपोर्टमधला ग्लीसन स्कोअर, आणि तो दहापैकी मोजायचा नसतो. बायोप्सीत सुईनं प्रोस्टेटचे साधारण बारा तुकडे काढतात. त्यात कॅन्सरच्या पेशींची ठेवण किती बिघडलीय, त्यावरून ३, ४ किंवा ५ असा दर्जा देतात आणि दोन दर्जांची बेरीज करतात. म्हणजे ६ हा सहसा सर्वांत खालचाच आकडा. ३+४ आणि ४+३ दोन्ही सातच, पण पहिला आकडा जास्त पसरलेल्या दर्जाचा, म्हणून ४+३ अधिक गंभीर. हाच घोळ टाळायला २०१४ पासून ग्रेड ग्रुप १ ते ५ आले: ६ म्हणजे १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३. बारापैकी किती तुकड्यांत कॅन्सर सापडला, तेही पाहा.

एमआरआयच्या रिपोर्टमधला पाय-रॅड्स हा आकडा ४ किंवा ५ असेल तर कॅन्सरचा दाट संशय, एवढंच. कॅन्सर आहे हे बायोप्सीच ठरवते. रक्ततपासणीतला पीएसए तर नुसत्या सुजेनं किंवा जंतुसंसर्गानंही वाढतो. मात्र गाठ प्रोस्टेट ग्रंथीच्या बाहेर आलीय का, हे एमआरआयवरून बरंच कळतं आणि उपचार त्यावर बदलतात.

ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट या अभ्यासात ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले: ऑपरेशन, रेडिएशन आणि नियमित तपासण्यांसह नुसती देखरेख. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेले शंभरात तीनच्या आसपास होते. देखरेखीत आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, हेही खरं. ग्रेड ग्रुप ४-५ असेल तर थांबण्याचा सल्ला सहसा कुणी देणार नाही. पण काकांसारख्या ग्रुप १ च्या माणसाला, बाकी तपासण्याही तसंच सांगत असतील, तर विचार करायला वेळ असतो. त्या वेळात लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी ते पुन्हा तपासून घेता येतात. नुसत्या कागदावरून दर्जा पडताळता येत नाही.

ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा आणि शरीरसंबंध, दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. शेजारी मुलगा बसलेला असताना बाप हे विचारत नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, पाच मिनिटं बाहेर थांबा, बाबांना डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या.