ताऱ्याचं घर आणि मोहाचं झाड

मार्च सरत आला की सातपुड्यातल्या धडगावच्या डोंगरात पहाटे चारलाच जाग येते. मोहाची पानं तोवर झडून गेलेली असतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके लोंबत असतात. रात्रभर वटवाघळं त्यांच्यावर ताव मारून जातात. उजाडायच्या आधी फुलं सुटू लागतात. जाड, रसाळ, मलईच्या रंगाची फुलं टपटप खाली पडतात आणि बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात. ऊन चढायच्या आत वेचणी उरकावी लागते. नाहीतर गुरं-शेळ्या आपला वाटा उचलून मोकळ्या होतात. कुठलं झाड कुणाच्या घराण्याचं, हे गावाला तोंडपाठ असतं.

याच दिवसांत पुण्या-मुंबईतल्या घरांत मे महिन्याच्या सुट्टीची आखणी चाललेली असते. युरोपला जायचं तर जर्मनी आलीच, आणि जर्मनी आली की म्यूनिकच्या बिअरगार्डनमध्ये एक संध्याकाळ ठरलेली. सोबत आजी असते, सातवीतली मुलगी असते, त्याबद्दल कुणाला संकोच वाटत नाही. तेच कुटुंब ‘या सुट्टीत सातपुड्यात मोहाची दारू कशी होते ते बघू’ असं म्हणेल का? घरात काय बोललं जाईल, याची कल्पना करता येते. एकाच गोष्टीला तिकडे पर्यटन आणि इकडे हातभट्टी का म्हणतात, याचं उत्तर चवीत सापडत नाही. ते कायद्याच्या जुन्या कागदांत सापडतं.

बाकावर मुलं, तळघरात पिंपं

बव्हेरियाचा ड्यूक चौथा विल्हेल्म याने 23 एप्रिल 1516 रोजी इंगोलश्टाट इथे एक फर्मान काढलं. बिअर बनवायची ती फक्त सातू, हॉप्स आणि पाणी यांचीच. आज ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून बाटल्यांवर मिरवणाऱ्या त्या फर्मानात शुद्धतेइतकीच काळजी भाकरीची होती. गहू आणि राय ही धान्यं बिअरवाल्यांनी पळवली तर पावाचे भाव भडकतील, म्हणून सातूची सक्ती. बिअरचा दरही त्याच फर्मानाने बांधून दिला. सरकारने कच्च्या मालावर हात ठेवला खरा, पण गाळणाऱ्याचा हात धरला नाही.

पुढे 1539 मध्ये उन्हाळ्यात बिअर बनवायला मनाई झाली. मुदत ठरली सप्टेंबरअखेर ते 23 एप्रिल. उन्हाळ्याची बेगमी थंड राहावी म्हणून बिअरवाल्यांनी खोल तळघरं खोदली आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली. लोक त्या सावलीतच येऊन बसू लागले. खाणावळवाले कुरकुरले. राजा पहिला मॅक्स योसेफ याने 1812 मध्ये तोडगा काढला: तळघराशी बिअर विका, पण खायला पावापलीकडे काही विकू नका. मग लोक घरूनच शिदोरी आणू लागले. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअरगार्डनमध्ये आजही घरचा डबा उघडून बसता येतं. डबा आला की त्याच्यामागून आजी आली, मुलं आली. दोन धंद्यांच्या भांडणातून सहकुटुंब बसायची जागा तयार झाली.

म्हणून जर्मनीत अशी सहल आखणं सोपं जातं. फ्रायझिंगमधली वाइहेनश्टेफान ब्रुअरी आपला इतिहास 1040 सालापासून सांगते. ती बव्हेरिया राज्याच्या मालकीची आहे आणि तिच्या शेजारीच बिअरविद्या शिकवणारं विद्यापीठ आहे. बामबेर्गमध्ये लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या सातूची बिअर मिळते. तिच्या पहिल्याच घोटाला धुराचा वास येतो. फ्रँकोनियातलं आउफसेस हे दीड हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. तिथे चार ब्रुअऱ्या आहेत आणि वस्तीच्या मानाने ब्रुअऱ्या सर्वांत जास्त म्हणून 2001 पासून गिनीज बुकात गावाची नोंद आहे. त्या चौघींना जोडणारी सुमारे 14 किलोमीटरची पायवाट आहे. मोठ्यांनी प्रत्येक थांब्यावर पेला घ्यावा, मुलांनी सफरचंदाचा रस घ्यावा आणि सगळ्यांनी मधलं रान तुडवावं.

पण धडगावचा माणूस खरा ओळखीचं हसेल तो चेक सीमेजवळच्या ओबरफाल्त्समध्ये. विंडिशएशेनबाख, नॉयहाऊस, फाल्केनबर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न या गावांत ‘त्सॉइगल’ नावाची बिअर होते. गावाची भट्टी सामायिक असते. तिथे लाकडाच्या जाळावर सातूचा काढा उकळायचा, तो आपापल्या घरी न्यायचा आणि तळघरात आंबवायचा. बनवण्याचा हक्क घराला चिकटलेला असतो. बिअर तयार झाली की घरावर सहा टोकांचा तारा टांगतात आणि चार दिवस बैठकीची खोली लोकांसाठी उघडते. पुढच्या वेळी तारा दुसऱ्याच्या दारावर. 2018 मध्ये जर्मनीने ही रीत आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

फुलावरचा पहारा

घरोघरचं गाळणं सातपुड्याला नवं नाही. वाळवलेली फुलं काही दिवस पाण्यात भिजत घालायची, ती आंबली की भांड्यात चुलीवर चढवायची, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडं गार ठेवायचं. वाळल्या फुलाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो, त्यामुळे बाहेरून गोडी घालायची गरज पडत नाही. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द मराठीत आला तो याच नळीच्या तोंडातून. पावरा आणि भिल्ल आदिवासींच्या घरांत जन्म, लग्न, मरण, इंदल पूजा यांपैकी काही मोहावाचून पुरं होत नाही. पिण्याआधी पूर्वजांच्या आणि देवाच्या नावाने जमिनीवर धार सोडायची रीत आहे. महाशिवरात्रीला सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या यात्रेसाठी सातपुड्यातले लोक लोटतात, तेव्हा नैवेद्यात मोहाची दारू असते.

इंग्रज सरकारला या फुलात महसूल दिसला. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा 1878 मध्ये झाला. घरच्या चुलीवरचं गाळणं गुन्हा ठरलं आणि परवान्याच्या दुकानातली दारू तेवढी कायदेशीर राहिली. तरी माणसं गाळतच होती, कारण झाड दारात होतं. मग 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा वेगळा कायदा आला आणि फूल गोळा करण्यावर, साठवण्यावरच बंधनं आली. जंगलात राहणाऱ्याने आपल्या झाडाखालचं फूल उचलणंही संशयास्पद झालं.

बव्हेरियाने 1516 मध्ये आणि मुंबईने 1892 मध्ये कच्च्या मालालाच हात घातला होता. तिथे तो भाकरीसाठी घातला होता, इथे तिजोरीसाठी. तिथलं गाळणं तळघरातून झाडाखाली आलं. इथलं घरामागच्या नाल्यात गेलं.

स्वातंत्र्यानंतरही पहारा उठला नाही. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांची साठवण, ने-आण आणि विक्री यांवर निर्बंध ठेवले. वनहक्क कायद्याने 2006 मध्ये गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली, पण मोहाचं पोतं रस्त्यावर आलं की प्रश्न सुटलेला नसायचा. अखेर 2021 मध्ये राज्य सरकारने फुलांवरचे निर्बंध सैल केले. फूल सुटलं. परवान्याशिवाय गाळलेली दारू मात्र महाराष्ट्रात आजही बेकायदा आहे.

मडकी फोडणाऱ्या बाया

इथवर वाचून सगळा दोष सरकारच्या माथी मारावासा वाटेल. सातपुड्याचा इतिहास इतका सरळ नाही. दारूविरुद्धची मोठी आंदोलनं याच आदिवासी पट्ट्यातून उठली आहेत. 1922 मध्ये ‘देवी’ अंगात येण्याची लाट दक्षिण गुजरातेत पसरली आणि खानदेशापर्यंत पोचली. देवी सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्या सावकाराच्या दारी जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 च्या आपल्या पुस्तकात या लाटेकडे आत्मसन्मानाची चळवळ म्हणून पाहिलं. 1930 च्या दशकात तळोदा तालुक्यात गुला महाराजांनी ‘आप’चा पंथ उभा केला. भेटल्यावर ‘आप की जय’ म्हणायचं आणि दारूला शिवायचं नाही. 1972 नंतरच्या वर्षांत शहाद्यात श्रमिक संघटनेच्या बळावर आदिवासी स्त्रियांनी गुत्त्यांवर चाल केली आणि दारूची मडकी फोडली. दारू कुणी प्यायची आणि मार कुणी खायचा, हे त्या बायांना चांगलं ठाऊक होतं.

म्हणजे ज्या घरात धार देवासाठी पडते त्याच घरात कुणीतरी ‘आप’चा भगत असू शकतो. पाहुण्याने दारात उभं राहून ‘मोहाची मिळेल का’ म्हणून विचारणं या इतिहासापुढे ओंगळ ठरतं. त्सॉइगलचा तारा दारावर दिसला की आत जायचं. इथे दारावर तसली खूण नाही.

नर्मदेच्या पलीकडे चित्र बदलू लागलं आहे. मध्य प्रदेशात अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींना घरच्या वापरापुरती दारू गाळायची मुभा आधीपासून आहे. आता त्या राज्याने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा दिला आणि अलीराजपूर जिल्ह्यातल्या बचत गटाची दारू ‘मोंड’ या नावाने बाटलीत आली. अलीराजपूर म्हणजे धडगाव ज्यात येतं त्या अक्राणी तालुक्याच्या समोरचा काठ. गोव्यात ‘डेस्मंडजी’ या ब्रँडने 2018 मध्ये मोहाची दारू बाजारात आणली. काजूच्या फेणीला तर तिथे 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं. महाराष्ट्रात द्राक्षाला हे भाग्य लाभलं: 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं, 2005 मध्ये सुला या वाइन कंपनीने नाशिकला चाखण्याची खोली उघडली आणि शनिवार-रविवारी गंगापूरच्या रस्त्यावर सहकुटुंब गाड्यांची रांग लागू लागली. धडगावच्या मोहाला अजून त्याची खोली मिळालेली नाही.

आखणी झाडाभोवतीची

तरीही धडगावची सहल आखता येते, फक्त ती चुलीऐवजी झाडाभोवती आखावी लागते. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरायचं आणि तळोद्याकडून चांदसैली घाट चढायचा. घाटाची वळणं पोटाची परीक्षा घेतात, म्हणून मुलांना निघताना भरपेट खायला घालू नये. होळीच्या आधीचा आठवडा साधला तर भोंगऱ्याचे बाजार लागतात. ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने आणि डोंगर उतरून आलेली गावंच्या गावं तिथे दिसतात. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी रात्रभर जागते. कमरेला घुंगरं नि दुधी भोपळे बांधलेले बुध्ये पहाटेपर्यंत नाचतात.

मोहासाठी त्यानंतरचे तीन-चार आठवडे. मुक्काम तोरणमाळला करावा. सुमारे 1150 मीटरवरचं ते पठार याच अक्राणी तालुक्यात आहे, यशवंत तलावाकाठी मुलांना मोकळं सोडता येतं आणि सीताखाईची दरी मोठ्यांना गप्प करते. ओळखीच्या कार्यकर्त्यामार्फत किंवा शिक्षकामार्फत आधी गावाला विचारावं, मगच पहाटे वेचणीला जावं. झाडाखालचा पाचोळा कुणी पेटवून ठेवलेला दिसेल, कारण साफ जमिनीवर फूल चटकन दिसतं. त्याच ठिणगीने वणवा लागतो, म्हणून काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधायला सांगतात. ताजं फूल तोंडात टाकलं की आधी गोड लागतं, मग त्याचा उग्र वास घशात राहतो. तेच फूल वाळवून, भाजून, भरडून इथल्या घरांनी टंचाईचे उन्हाळे काढले आहेत.

एप्रिल उतरणीला लागला की अंगणात मोहाची जागा कैरीच्या फोडी घेतात. पांढऱ्याफटक वाळलेल्या त्या आमचुरासाठी धडगावचा बाजार ओळखला जातो. तिथल्या तराजूशी तासभर उभं राहिलं तर तालुक्याचं अर्थकारण समजतं. उत्तरेला नर्मदेकडे उतरलं तर सरदार सरोवराचं पाणी पसरलेलं दिसतं. महाराष्ट्रातली 33 गावं त्याच्या बुडीत क्षेत्रात आली, ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली. घरं टेकडीवर सरकवता आली. घराण्यांची म्हणून ओळखली जाणारी मोहाची झाडं जागची हलवता आली नाहीत.

पावसाच्या तोंडावर त्याच झाडांखाली पुन्हा टोपल्या येतात, या वेळी टोळंबीसाठी, म्हणजे मोहाच्या बियांसाठी. सीमेपलीकडे गुजरातेत तिला डोळी म्हणतात. तिचं तेल घाण्यावर काढून वर्षभर भाजीला आणि दिव्याला पुरवलं जातं. मे महिन्याची सुट्टी संपवून म्यूनिकहून परतणाऱ्यांना एवढा मुहूर्त तरी साधता येईल.