अवजारघर व गोदामाचे शटर : रचना, निगा आणि सुरक्षितता

ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, फवारणी पंप, बियाणे व खते ज्या दाराआड ठेवली जातात, ते दार बहुतेक ठिकाणी गुंडाळले जाणारे पोलादी शटर असते. ट्रॅक्टरचे तेल वेळेवर बदलणारे शेतकरीही शटरकडे मात्र ते अडकेपर्यंत लक्ष देत नाहीत. वस्तुतः शटर हे डोक्यावर टांगलेले एक यंत्रच आहे. १.२५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १० किलो भरते. म्हणजे ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच दाराच्या शटरचे वजन, पट्ट्यांचे दुमडलेले काठ व तळपट्टी धरून, १०० किलोंच्या पुढे जाते. हे वजन एका हाताने कसे उचलले जाते, हे समजले की त्यातील धोकाही समजतो.

भाग व त्यांचे कार्य

एकमेकींत अडकवलेल्या पट्ट्यांचा पडदा दोन्ही बाजूंच्या खाचांतून (गाइड) वरखाली सरकतो. वरच्या बाजूस दोन ब्रॅकेटांवर आडवा पाइप बसवलेला असतो. या पाइपावर पुल्या व उच्च ताण सहन करणाऱ्या तारेच्या स्प्रिंग असतात. स्प्रिंगचे एक टोक पाइपाला व दुसरे पुलीला जोडलेले असते. शटर खाली येताना स्प्रिंग पिळली जाते व तिच्यात ऊर्जा साठते. शटर वर नेताना हीच ऊर्जा वजन पेलण्यास मदत करते. म्हणून आपल्या हाताला केवळ उरलेला थोडा भार जाणवतो.

लहान शटर हाताने ढकलून उघडता येते. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या दरसूचीत १० चौरस मीटरपेक्षा मोठ्या शटरांसाठी साखळी किंवा क्रँक यंत्रणेची स्वतंत्र तरतूद असते. ट्रॅक्टर-ट्रॉली आत नेण्याइतके रुंद दार करताना हा हिशेब आधीच करावा. धातूच्या गुंडाळत्या शटरांसाठी भारतीय मानक ६२४८ उपलब्ध आहे. खरेदीपूर्वी पत्र्याची जाडी, बेअरिंग व स्प्रिंग यांचा तपशील लेखी घ्यावा.

शेतावरील विशेष अडचणी

शहरातील दुकानापेक्षा शेतावरील शटर लवकर खराब होते, कारण तेथे धूळ, भुसा व खत हे तिन्ही एकत्र येतात. युरिया व पालाशयुक्त खते हवेतील ओलावा शोषून घेतात. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइडमुळे पोलाद वेगाने गंजते. म्हणून खतांच्या गोण्या शटरला टेकवून रचू नयेत. तळपट्टी जमिनीलगत असल्याने ती प्रथम गंजते. समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशात जस्तविलेपित पत्रा निवडणे हितावह ठरते.

तळपट्टी व फरशी यांमधील फट ६ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, कारण तेवढ्या फटीतून लहान उंदीर आत शिरू शकतो. फट मोठी असल्यास रबरी पट्टी किंवा पत्र्याची कड बसवावी.

नियमित निगा

१. दर महिन्यास खाचा ब्रशने झाडून कोरड्या फडक्याने पुसाव्यात. त्यांत ग्रीस लावू नये. ग्रीसला धूळ चिकटून शटर अधिकच जड होते. कोरडे मेण किंवा सिलिकॉन फवारा पुरेसा असतो.

२. शटर अर्ध्यावर नेऊन हात सावकाश सैल करावा, पण पूर्ण सोडू नये व खाली कोणी उभे राहू नये. ते खाली ओढले जात असेल तर स्प्रिंग सैल झाली आहे. वर झेप घेत असेल तर ताण जास्त आहे.

३. हंगामापूर्वी ब्रॅकेटचे बोल्ट, भिंतीतील पकड, वाकलेल्या पट्ट्या व तळपट्टीचा गंज यांची डोळ्यांनी पाहणी करावी. गंज घासून रेड ऑक्साइड प्रायमर व वर रंग द्यावा.

जे स्वतः करू नये

शटर पूर्ण वर असतानाही स्प्रिंगमध्ये ताण शिल्लक असतो. ब्रॅकेटवरील क्लॅम्प सैल केल्यास पाइप क्षणात गरकन फिरतो व हातातील पाना हात मोडण्याइतक्या जोराने उसळतो. त्यामुळे स्प्रिंग, पाइप व ब्रॅकेट यांची दुरुस्ती जाणकार मिस्त्रीकडूनच करवून घ्यावी. अडकलेले शटर ट्रॅक्टरने ओढू नये किंवा खाली उभे राहून पहारीने उचकटू नये. शटर अर्धवट उघडे ठेवून त्याखालून पोती वाहणे टाळावे. मुलांना शटरला लोंबकळू देऊ नये.

विजेवरील शटर

मोटार बसवताना वीज गेल्यावर हाताने उघडण्याची सोय, वर-खाली थांबवणारा मर्यादा स्विच, घसरण रोखणारा ब्रेक व अर्थिंग यांचा आग्रह धरावा. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या स्वयंचलित दारांना अडथळा आल्यास परत फिरण्याची व्यवस्था कायद्याने बंधनकारक आहे. जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवरील प्रकाश-संवेदक हा तिचा एक प्रकार होय. आपणही मोटारीसोबत असा संवेदक मागून घ्यावा. बटण अशा जागी असावे, जेथून संपूर्ण दार दिसते.

बंद दाराआडचे दोन धोके

शटर बंद ठेवून ट्रॅक्टर सुरू करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो व तो थोड्या वेळात घातक ठरतो. दुसरे असे की, बंद शटर वायुबंद नसते. पट्ट्यांच्या सांध्यांतून व खाचांतून फॉस्फीन वायू बाहेर येतो. त्यामुळे धुरीकरण अधिकृत तज्ज्ञांकडून, वायुरोधक आच्छादनाखालीच व्हावे. फॉस्फीनमुळे तांबे गंजते. म्हणून मोटार व नियंत्रण पेटीचे संरक्षणही आधी करावे.

गोदामास शटर हा एकमेव मार्ग असू नये. शटर अडकल्यास आतील माणसाला बाहेर पडण्यासाठी आतून उघडणारे लहान दार अवश्य ठेवावे. विस्तार कार्यकर्त्यांनी गोदाम-भेटीच्या तपासणी यादीत धान्याची आर्द्रता व कीड यांच्या जोडीला शटरचा तोल, तळाची फट आणि दुसरे दार या तीन बाबी नोंदवाव्यात. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात. धान्याबरोबर ते हाताळणारी माणसेही सुरक्षित राहतात.