फोटो आणि व्हिडिओ डेटाबेसमध्ये ठेवावेत का?



शाळेचं जनरल रजिस्टर आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर आलंय. नाव, जन्मतारीख, इयत्ता ही माहिती तक्त्यात सहज बसते. पण मुलाचा फोटो, जन्मदाखल्याची स्कॅन प्रत, स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ कुठे ठेवायचा?

रिलेशनल डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेले तक्ते. त्यात अख्खी फाइल ठेवायलाही रकान्याचा एक प्रकार असतो, त्याला ‘ब्लॉब’ म्हणतात. मात्र त्याची मर्यादा आधी बघा. मायएसक्यूएलमध्ये साध्या ब्लॉबमध्ये फक्त ६५,५३५ बाइट मावतात, म्हणजे जेमतेम ६४ केबी. मोबाइलवरचा फोटो सहज २-३ एमबीचा असतो. ‘स्ट्रिक्ट मोड’ बंद असेल तर जास्तीचा भाग कापला जातो आणि नुसती सूचना येते. ती कुणी वाचली नाही, तर फोटो अर्धवटच राहतो! मीडियमब्लॉबमध्ये १६ एमबी, तर लाँगब्लॉबमध्ये ४ जीबीपर्यंत मावतं.

मग सगळं लाँगब्लॉबमध्येच टाकू या का? नको. रजिस्टरच्या पानांना मुलांचे प्रकल्प चिकटवले तर ते उचलेल का कुणाला? तसंच इथे होतं. बॅकअप फुगतो, आणि तो घ्यायला व परत चढवायला वेळ लागतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००६ मध्ये तपासलं तेव्हा साधारण २५६ केबीपेक्षा लहान फाइल डेटाबेसमध्ये बऱ्या चालल्या, तर १ एमबीपेक्षा मोठ्या फाइल फोल्डरमध्ये. मधल्या आकारांचं वापरावर अवलंबून.

म्हणून मोठ्या फाइल फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि तक्त्यात फक्त त्यांचा पत्ता लिहायचा. पण यातही एक मेख आहे. कुणी फोल्डरचं नाव बदललं, किंवा बॅकअप फक्त डेटाबेसचाच घेतला, तर तक्त्यात नोंद दिसते, कागद मात्र सापडत नाही. डेटाबेसमध्ये ठेवलेली प्रत नोंदीबरोबरच जपली जाते.

थोडक्यात :

१. जन्मदाखल्यासारखी लहान पण महत्त्वाची प्रत : डेटाबेसमध्ये.
२. व्हिडिओ, मोठे फोटो : फोल्डरमध्ये, पत्ता तक्त्यात.
३. बॅकअप दोन्हींचा, एकाच वेळी.
४. वर्षातून एकदा तरी तो दुसऱ्या संगणकावर चढवून, दोन-चार फाइल उघडून बघा.

शाळा सोडून दहा वर्षं झालेली मुलगी कागद मागायला आली, तर तो उघडला पाहिजे. पालकहो, शाळेत एवढं जरूर विचारा : बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला होता?