शपथेचा पाश

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासस्वामींचें जन्मग्राम. परंपरा सांगते कीं, मातोश्री राणूबाईंनीं बाळ नारायणाकडून वचन घेतलें होतें : अंतरपाट धरीपर्यंत विवाहास नाहीं म्हणावयाचें नाहीं. मुलानें वचन अक्षरशः पाळलें आणि मग मंडपांतून पळ काढिला. कीर्तनांत ही कथा वैराग्याची म्हणून आपण ऐकतों. मला ती वचनाची वाटते. मातेनें मागितलें तें उघडपणें मागितलें, मुलाला स्वतःच्या मनाविषयीं शंका घ्यावयास लाविलें नाहीं. पुढें चोवीस वर्षांनीं तो मातेच्या दारीं परत आला, असेंही परंपराच सांगते.

परंतु "माझ्या गळ्याची शपथ" हें वाक्य जेथें नित्याचें होतें, आणि जोडीला अबोला, जीव देण्याची धमकी व "तसें मीं म्हटलेंच नव्हतें, तुझाच भ्रम" हीं शस्त्रें चालतात, तेथें माणसाचा स्वतःच्या स्मरणावरील विश्वास उडतो. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या इंग्रजी नाटकांतील पति स्वतःच वस्तु लपवितो आणि पत्नीला ती वेडी होत चालली आहे असें पटवितो. त्या घरांतील गॅसच्या दिव्यांवरून या कपटाला 'गॅसलाइटिंग' हें नांव पडलें. (शाळामास्तरही "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" या वाक्यानें मुलांना पुष्कळ वांकवितात, मीही वांकविलें आहे.)

अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञ जीन बेकर मिलर यांचा ग्रंथ १९७६ त प्रसिद्ध झाला. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या विचारांतून संबंधनिष्ठ उपचारपद्धति उभी राहिली. संबंध टिकावा म्हणून माणूस आपलें खरें मन त्या संबंधाबाहेर ठेवितो आणि चारचौघांत राहूनही एकाकी होतो, असें तिचें निदान. उपचारकापुढें रुग्ण घडलेलें सांगतो. तो तें खरें मानून ऐकतो, त्याच्या मनावर झालेला परिणाम दिसूं देतो. मतभेद झाला तर तोही बोलून मिटविला जातो. "नाहीं" म्हटल्यावरही आपणांस कोणी टाकीत नाहीं, हा अनुभव असा वारंवार येतो. मग रुग्ण तोच प्रयोग एखाद्या मैत्रिणीपाशीं, भावापाशीं करून पाहतो.

छळणाऱ्याशींच जुळवून घ्यावें, असा मात्र याचा अर्थ नव्हे. स्त्रियांसाठींच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें भावनिक छळही हिंसाच मानिला आहे. ज्यांना घरांत कोणापाशीं बोलतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तेथें मराठींतही बोलतां येतें. पहिल्या दिवशीं शब्द सुचले नाहींत तरी चालतें.