बालदमा : चिठ्ठीवरील सूचना आणि घरातील समजुती

दम्याने बेजार झालेल्या मुलाला घेऊन आईबाप दवाखान्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या हाती एक चिठ्ठी, दोन पंप आणि ‘स्पेसर’ नावाचे प्लास्टिकचे एक नळकांडे असते. डॉक्टरांनी सांगितलेले सर्व त्यांनी मान हलवून ऐकलेले असते. परंतु मूल कडेवर रडत असताना, बाहेर पुढच्या रुग्णांची रांग ताटकळलेली असताना आणि मनात दम्याच्या नावाचीच धास्ती बसलेली असताना त्यांपैकी किती ध्यानात राहिले, याचा हिशेब सहसा कोणी घेत नाही. मग घरी गेल्यावर चिठ्ठीत जे स्पष्ट नसते ते शेजारपाजारच्या समजुतींवरून ठरते. मुलांच्या दम्यावरील औषधे आज तालुक्याच्या गावीही मिळतात आणि ती गुणकारी आहेत. तरीही कित्येक मुले रात्र रात्र उशाला टेकून बसून काढतात, आणि सूचनांचा विपर्यास हे त्याचे एक मोठे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत घातक गैरसमज या दोन पंपांविषयीचा आहे. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, आणि मूल वरकरणी हसतखेळत असतानाही ती पुष्कळदा पूर्णपणे ओसरलेली नसते. त्यातच सर्दी, धूर किंवा धूळ यांचे निमित्त झाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि श्वास कोंडतो. साल्ब्युटामॉलसारखे औषध हे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते, पण त्याचा अंमल चारेक तासांचा असतो आणि मूळच्या सुजेला ते हात लावीत नाही. सूज उतरविण्याचे कार्य ब्युडेसोनाइड अथवा फ्लुटिकासोन या दुसऱ्या औषधाचे. ते दिवसांच्या, कधी आठवड्यांच्या मुदतीने हळूहळू गुण दाखविते, आणि घेतल्याबरोबर काहीच जाणवत नसल्यामुळे ‘याने फरक पडत नाही’ असा निवाडा होऊन तेच कपाटात पडून राहते. पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घेणे आणि गळू लागल्यावर खाली घमेले ठेवणे यांत जे अंतर आहे, तेच या दोन पंपांत आहे. म्हणून चिठ्ठीवर ‘रोज दोन वेळा’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ खोकला थांबेपर्यंत असा नसून, खोकला थांबल्यानंतरही डॉक्टर सांगेपर्यंत, असा असतो. दमा सुमारे तीन महिने नीट आटोक्यात राहिला म्हणजे मात्रा कमी करण्याचा विचार करतात, आणि तोही डॉक्टरांनी करावयाचा असतो. मोठ्या मुलांना काही वेळा दोन्ही कार्ये साधणारे एकच संयुक्त औषध देतात, आणि पंपांचे रंगही सर्व कंपन्यांचे सारखे नसतात. सबब रंगावर विसंबून न राहता प्रत्येक पंपावर ‘रोजचा’ आणि ‘धाप लागल्यावर’ अशी ठळक अक्षरांत चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे रात्री दोन वाजता घाबरलेल्या हातांनी चुकीचा पंप उचलला जाणार नाही.

‘पंप हा शेवटचा इलाज, एकदा लागला की सुटत नाही, त्यापेक्षा पातळ औषध सौम्य’ ही समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. येथे अंकगणितच बोलके आहे. साल्ब्युटामॉलच्या पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरांच्या एका चमच्यात २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असते. पंपाच्या एका फवाऱ्यात ते १०० मायक्रोग्रॅम. वीस फवाऱ्यांइतके औषध त्या ‘सौम्य’ चमच्यातून पोटात जाते, रक्तावाटे सर्वांगात हिंडते, हातपाय थरथरवते, छातीची धडधड वाढवते आणि मग कुठे त्याचा थोडा अंश फुप्फुसापर्यंत पोहोचतो. फवारा मात्र जेथे व्याधी आहे तेथेच जातो. सवय लागण्याविषयी म्हणाल, तर या औषधांचे व्यसन लागत नाही. औषध बंद केल्यावर त्रास पुन्हा सुरू होतो तो आत रोग शिल्लक असतो म्हणून.

सूज उतरविणारे हे रोजचे औषध स्टेरॉइड या गटातले असते. तो शब्द ऐकून धसका घेणाऱ्या आईची भीती मला समजते, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी मुळीच नाही. पण व्यायामशाळांतून स्नायू फुगविण्यासाठी जे चोरून घेतात ते द्रव्य निराळे, आणि हे निराळे. लहान मुलाला रोजच्या पंपातून सामान्यतः १०० ते २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड मिळते. उलट पंप टाळल्यामुळे तीव्र झटका आला, तर १५ किलो वजनाच्या त्याच मुलाला प्रेडनिसोलोन हे दुसरे स्टेरॉइड रोज १५ ते ३० मिलिग्रॅम पोटातून काही दिवस द्यावे लागते. औषधे भिन्न असल्याने आकड्यांची थेट बरोबरी करता येत नाही हे खरे, तरी कोणत्या मार्गाने शरीरावर अधिक भार पडतो हे सांगावयास नको. उंचीविषयीची वस्तुस्थितीही लपवू नये : अमेरिकेत काही वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची इतरांहून सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एवढ्या उण्याच्या बदल्यात मुलाला मोकळा श्वास आणि अखंड झोप मिळते. शिवाय दमा आटोक्यात ठेवणारी अल्पतम मात्रा शोधीत राहणे हा डॉक्टरांचा शिरस्ताच आहे. प्रत्येक वेळी औषधानंतर चूळ भरून टाकावी आणि मास्क लावला असल्यास चेहरा पुसावा, म्हणजे तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे उठत नाहीत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, कारण बहुतेक औषध वाया जाते ते येथेच. पंप हलवून स्पेसरला जोडावा. चारेक वर्षांखालील मुलाला नाकातोंडावर मास्क असा बसवावा की गालाशी फट राहणार नाही, आणि मोठ्याने नळी दातांत धरून ओठ मिटावेत. एकच फवारा सोडावा व मुलाला पाचसहा संथ श्वास घेऊ द्यावेत. स्पेसरची झडप प्रत्येक श्वासागणिक हलताना दिसते, आणि ती हलत नसेल तर औषध आत जात नाही असे समजावे. चिठ्ठीत ‘दोन पफ’ लिहिले म्हणून दोन्ही एकदम सोडू नयेत; अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून दुसरा द्यावा. रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात फारच थोडे औषध जाते, तेव्हा दोघांनी धरून जबरदस्तीने मास्क दाबण्यापेक्षा दिवसा बाहुलीला मास्क लावून खेळ करणे आणि आधी त्याची भीती घालविणे श्रेयस्कर. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा व तसाच निथळत वाळू द्यावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषधाचे कण भिंतीलाच चिकटतात. पंप पाण्यावर तरंगतो की बुडतो यावरून तो रिकामा झाल्याचे ओळखण्याची युक्ती विश्वसनीय नाही. त्यावरील आकडा पाहावा, आणि आकडा नसल्यास वापरलेले फवारे लिहून ठेवावेत.

‘मशीनची वाफ’ पंपाहून जोरकस, हाही असाच एक समज. सौम्य व मध्यम झटक्यात स्पेसरमधून नीट दिलेले फवारे नेब्युलायझरइतकेच काम करतात. केपटाउनच्या डॉक्टरांनी तर अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीपासून बनविलेला स्पेसरही बाजारी स्पेसरच्या तोडीस उतरतो असे १९९९ साली दाखवून दिले. खर्चापायी ज्या घरी स्पेसर टाळला जातो, त्यांनी डॉक्टरांपाशी ही अडचण अवश्य बोलून दाखवावी.

केळे, दही, भात, पेरू यांवर मात्र घरोघर सरसकट बंदी असते आणि खोलीत डासांची कॉइल बिनदिक्कत जळत असते. एखाद्या मुलाला एखादा पदार्थ खरोखरच बाधत असेल, तर तो बंद करावा. पण सर्वांचे सर्व तोडून मूल अशक्त करण्यात काही लाभ नाही. झटक्याचे सर्वांत सामान्य निमित्त साधी सर्दी असते. त्याखालोखाल बिडी-सिगारेटचा, कॉइलचा, धुपाचा व चुलीचा धूर, गादीतील धूळ, झुरळे, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी आणि दिवाळीतले फटाके. कोजागिरीच्या चांदण्यातली औषधी खीर किंवा मृगात हैदराबादेस जाऊन गिळलेली मासोळी यांनी दमा समूळ जातो, याला शास्त्रीय आधार नाही. आणि त्यांच्या भरवशावर रोजचा पंप बंद करणे ही तर मुलाच्या जिवाशी केलेली हयगय होय. खेळही बंद करू नये. धावल्यावर धाप लागत असेल, तर दमा पुरता आटोक्यात नाही एवढाच त्याचा अर्थ. खेळापूर्वी पंधरा मिनिटे फवारा घ्यावयाचा का, हे डॉक्टरांना विचारावे.

‘गरज लागल्यास’ या दोन शब्दांनी जितका घोटाळा होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. गरज केव्हा, किती फवारे, किती वेळा आणि त्यापुढे काय, ही चारही उत्तरे कागदावर मराठीत लिहून मागण्याचा आईबापांना पूर्ण अधिकार आहे. तात्काळ आराम देणारा पंप पाच वर्षांखालील मुलाला आठवड्यातून एकदाहून अधिक, किंवा मोठ्या मुलाला दोनदाहून अधिक लागू लागला, अथवा रात्री खोकल्याने झोपमोड होऊ लागली, तर रोजच्या औषधाची फेरतपासणी हवी. फवाऱ्यांनी उतार पडत नसेल किंवा तीनचार तासांच्या आतच पुन्हा त्रास होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, पोट उडत असेल, मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा तान्हे दूध ओढीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल गुंगीत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत व वाटेतही स्पेसरमधून फवारे चालू ठेवावेत. दम लागलेल्या मुलाच्या छातीतील शिट्टीसारखा आवाज एकाएकी थांबला आणि मूल मात्र मलूलच राहिले, तर तो उतार समजू नये. हवाच आतबाहेर होत नसल्याचे ते चिन्ह असू शकते.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी आईने किंवा बापाने ऐकलेल्या सूचना आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगाव्यात आणि पंप त्यांच्यादेखत मुलाला देऊन दाखवावा. यात संकोच वाटण्याजोगे काही नाही, आणि चांगल्या डॉक्टरला याची तसदीही वाटत नाही. पुढच्या प्रत्येक भेटीला पंप व स्पेसर बरोबर न्यावेत. लिहून घेतलेल्या कागदाच्या तीन नकला कराव्यात : एक स्वयंपाकघराच्या भिंतीवर, एक दुपारी मूल सांभाळणाऱ्या आजीपाशी आणि एक, ‘धाप लागल्यावर’ची चिकटपट्टी असलेल्या दुसऱ्या पंपासह, शाळेच्या बाईंपाशी.